'कट्यार'मध्ये गाणी आहेत, गाणं 'द डिसायपल'मध्ये आहे: पटतंय का?

खर्जातला_षड्ज

शनिवार-रविवारी घरी दोन सिनेमे लागले. 'कट्यार काळजात घुसली' पाहुण्यांच्या फर्माइशीवरून आणि 'द डिसायपल' माझ्या हट्टावरून. पहिल्याला अख्खं घर जमलं होतं. दुसऱ्याला शेवटी मी एकटा उरलो, आणि शेजारी घोरणारा मेहुणा.

तरी माझं म्हणणं कायम आहे. 'कट्यार'मध्ये पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब दोघेही पहिल्यापासून पोचलेले गवई. भांडण कसलं, तर राजगायक कोण होणार. मग शेंदूर, सूड, पश्चात्ताप. झकास मेलोड्रामा, नाही कोण म्हणतंय? पण गळा तयार कसा होतो, आणि मुख्य म्हणजे कसा होत नाही, याचा त्यात पत्ता नाही. पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव येतो तो गातच येतो.

आता चैतन्य ताम्हाणेचा शरद नेरुळकर बघा. रियाज करतो, दुर्मिळ ध्वनिमुद्रणं विकणाऱ्या माणसाकडे नोकरी करतो, आजारी गुरुजींचं अंग चेपून देतो, त्यांची औषधं बघतो, रात्री मोटरसायकलवर कानात माईंच्या, म्हणजे गुरुजींच्या गुरूंच्या, टेप लावून फिरतो. सगळं करतो आणि तरी गाणं येत नाही. म्हणजे बेसूर नाही, स्पर्धेत उतरण्याइतकं येतं. पण जे यायला हवं ते येत नाही. मेहनती, प्रामाणिक आणि बेताचा असा नायक मराठीत दुसरा कुठला, सांगा.

ज्यांना पटत नसेल त्यांनी बिनधास्त या.

मटार_सोलताना

आले. मला नाही पटत.

ऑफिस, लोकल, स्वयंपाक उरकून रात्री साडेनऊला टीव्हीसमोर टेकते मी. त्या वेळी एका माणसाला सव्वादोन तास हळूहळू हरताना बघायचं? कशासाठी? आयुष्यात तेवढं फुकट मिळतं. बरं, हरतो तो तरी घडाघडा हरावा! शरद मोटरसायकल चालवतोय. अजून चालवतोय. स्लो मोशनमध्ये चालवतोय. माझा अर्धा किलो मटार सोलून झाला तरी याचं घर येईना.

'सूर निरागस हो' लागलं की सासूबाई आतल्या खोलीतून उठून येतात, मुलगा मोबाइल खाली ठेवतो. हे 'गाणं' नाही तर काय आहे? आणि २०१५च्या त्या दिवाळीत किती घरांतली पोरं पहिल्यांदा नाट्यसंगीत गुणगुणायला लागली ते आठवा. तुमच्या शरदमुळे किती लागली?

तबल्याची_गादी

मी साथीला बसतो, त्यामुळे दोन्ही सिनेमे जरा वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

'डिसायपल'मध्ये शरद झालेले आदित्य मोडक खरे गायक, गुरुजी झालेले अरुण द्रविड तर मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताईंकडे शिकलेले. त्यामुळे बैठकीत कोणाचीही मान खोटी हलत नाही. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येण्याआधी गवयाचा खांदा किंचित उचलला जातो, शिष्य मागे तंबोरा छेडता छेडता गुरूच्या पाठीकडे बघून पुढचं ओळखतो. हे शिकवून येत नाही, तिथे बसावं लागतं. 'कट्यार'मध्ये सचिन पिळगांवकरांनी डोळ्यांत काम फार छान केलंय, पण गळा राहुल देशपांडेंचा. हात तानेच्या आधी पोचतो. एकदा लक्षात आलं की मला दुसरं काही दिसतच नाही.

तरीही 'डिसायपल'वर माझा एक राग आहे. एवढे गाणारे-वाजवणारे एकत्र, आणि चेष्टामस्करी जवळपास नाहीच? ग्रीनरूममध्ये या कधी. वडापाव खात एकमेकांची अशी टर उडवतात लोक, मोठ्या बुवांच्या नकला होतात, मानधनाचं पाकीट किती पातळ यावर विनोद होतात. ताम्हाणेंनी आमची निराशा बरोबर टिपली, पण आमचा टवाळपणा पार सोडून दिला.

खर्जातला_षड्ज

@तबल्याची_गादी, शंभर टक्के. पण आपण सिनेमा शरदच्या नजरेतून बघतोय ना? त्याला विनोद ऐकूच येत नसतील. माईंच्या टेप ऐकून त्याची समजूत झालीय की गाणं म्हणजे तपश्चर्या, उपास, एकटेपणा. असा पोरगा ग्रीनरूममध्ये हसत नाही. कोपऱ्यात बसून तंबोरे जुळवतो.

@मटार_सोलताना, गुणगुणण्याचं मान्य. माझ्याही घरी गुणगुणतात.

सिंगल_स्क्रीन

मूळ घोटाळा हा की तुम्ही दोघांनीही 'डिसायपल' घरी बघितलात. त्या मोटरसायकलच्या प्रसंगांखाली तंबोरा सतत वाजत असतो. टीव्हीच्या स्पीकरमधून तो ऐकू येतो पंख्याच्या घरघरीसारखा. खर्ज, म्हणजे खालचा सूर, गेला की नुसता रस्ता उरतो, मग मटार सोलावेच लागणार. असले सिनेमे अंधारात, मोठ्या पडद्यावर, फोन बंद करून बघायचे असतात.

मटार_सोलताना

अहो कुठल्या अंधारात? ३० एप्रिल २०२१ला तो थेट नेटफ्लिक्सवर आला. कोरोनाची दुसरी लाट, महाराष्ट्रातली थिएटरं बंद, लोक बेड आणि ऑक्सिजन शोधत होते. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं बक्षीस घेऊन आलेला सिनेमा आम्हाला मिळाला तो घरातच. आता घरात नीट दिसत नाही हाही दोष आमचाच का?

सिंगल_स्क्रीन

दोष तुमचा नाही हो. पण दिसत नाही हे खरंच आहे की नाही? हेडफोन लावून पहिली पंधरा मिनिटं बघा एकदा, एवढंच म्हणतो.

तबल्याची_गादी

अवांतर: माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा आहे. चित्रपट येण्याच्या जेमतेम दीड आठवडा आधी, १९ एप्रिलला त्या गेल्या. त्या दिवसांत ज्यांनी बघितला त्यांना तो आवाज कसा ऐकू आला असेल ते वेगळं सांगायला नको. हेडफोनचं मात्र खरं आहे.

पडदा_आणि_घंटा

तुम्ही सगळेच चुकताय. 'कट्यार' म्हणजे २०१५चा सिनेमा नव्हे. 'कट्यार' म्हणजे १९६७चं नाटक: दारव्हेकर मास्तरांची लेखणी, अभिषेकीबुवांचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. आमच्या पिढीने ते नाट्यगृहात ऐकलंय, वन्स मोअर घेत घेत.

आणि खर्जातले साहेब, 'गळा कसा तयार होत नाही' हा प्रश्न 'कट्यार'मध्ये नाही असं म्हणणं धाडसाचं आहे. विद्या वेगळी आणि कला वेगळी, हा त्या नाटकाचा कणा आहे. विद्या कष्टाने मिळते. कला कष्टाने मिळेलच असं नाही. तुमच्या शरदचं दुखणं हेच ना? मग दारव्हेकरांनी ते अर्धशतक आधी सांगून ठेवलंय, तेही 'घेई छंद मकरंद'सारखी पदं देऊन. सिनेमावाल्यांनी सूडकथा मोठी केली आणि हा धागा बारीक केला, ही माझी तक्रार आहे. पण म्हणून मूळ संहितेवर का चिडता?

खर्जातला_षड्ज

हा मुद्दा वजनदार आहे, त्यामुळे नीट उत्तर देतो.

विद्या आणि कला यांवर 'कट्यार'मध्ये चर्चा आहे, कबूल. पण ती करतं कोण? ज्याच्याकडे दोन्ही आहेत तो. खाँसाहेबांनी कलेवर बोलणं म्हणजे गडगंज माणसाने पैशात काय ठेवलंय म्हणण्यासारखं आहे. आणि ऐकतो कोण? सदाशिव, म्हणजे ज्याला शेवटी कला मिळणारच आहे. ज्याला विद्या मिळाली पण कला मिळाली नाही, तो माणूस त्या दरबारात कुठे आहे? मागे तंबोऱ्यावर बसलेला असेल. त्याला एक वाक्य नाही. ताम्हाणेंनी कॅमेरा नेमका त्याच्यावर लावला.

आणि तिथेच न थांबता विचारलं की याला हे सांगणार कोण? गुरुजी सांगत नाहीत. टेपवरच्या माई तर त्याला आणखी खोलात ढकलतात. सांगतो तो राजन जोशी, तो तिरकस संग्राहक-समीक्षक, माई आणि गुरुजींबद्दल नको नको ते बोलतो आणि शरद ग्लासातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. मला तो प्रसंग अख्ख्या सिनेमाचा गाभा वाटतो.

पडदा_आणि_घंटा

तो प्रसंग मला हलकट वाटला. गेलेल्या बाईबद्दल कुचाळक्या करणारा माणूस सत्य सांगतो, असं आम्ही का मानावं? अशी माणसं प्रत्येक संगीत मंडळात दोन-चार असतात. स्वतःला एक स्वर लावता येत नाही, पण सगळ्या बुवांच्या भानगडी तोंडपाठ.

तबल्याची_गादी

काका, दोन-चार? एकेका मंडळात अख्खी कार्यकारिणी असते.

पण गंमत अशी की जोशी खरं बोलतोय की खोटं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. सांगायची गरजही नाही. एखाद्याचं अख्खं आयुष्य माईंच्या टेपवर उभं असेल, तर कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दहा मिनिटांच्या गप्पांनी ते हलावं? हललं, म्हणून तर पाणी फेकलं. खात्री असती तर हसून बिल मागवलं असतं.

न्यूजर्सी_नाकं_मुरडते

इथून एक वेगळी बाजू. माझी चौदा वर्षांची मुलगी पुण्यातल्या बाईंकडे व्हिडिओ कॉलवर गाणं शिकते. तिला घेऊन बसले होते (अर्धे प्रसंग पुढे ढकलावे लागले, मुलांबरोबर बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी). रिअ‍ॅलिटी शोमध्ये गाणारी ती मुलगी आठवते? शरद तिला टप्प्याटप्प्याने चमकधमक होताना टीव्हीवर बघतो. माझी मुलगी म्हणाली, "पण ती छान गात होती. आता मजेत दिसतेय. वाईट काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनेमाकडेही नाही. एका विद्यार्थ्याला फ्यूजन बँडमध्ये गायचंय तर शरद त्याला आणि त्याच्या आईला कसं झटकतो! हा पवित्रा मला ओळखीचा आहे. इथे गणपतीत भावगीत गायलं तरी नाकं मुरडणारे भेटतात. 'डिसायपल' त्या नाकं मुरडण्याला प्रतिष्ठा देतो, असं माझं स्पष्ट मत आहे. 'कट्यार'ने निदान दार उघडलं. महेश काळ्यांना 'अरुणि किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते अमेरिकेत राहून इथल्या मुलांना शिकवतात. आमच्याकडे ख्यालाचं नाव पोरांच्या तोंडी आलं ते त्यामुळे.

खर्जातला_षड्ज

शरद नाक मुरडतो, सिनेमा नाही! त्या विद्यार्थ्याच्या प्रसंगात आपल्याला लाज वाटते ती शरदची. आणि यूट्यूबवर स्वतःच्याच व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचत बसलेला शरद बघून कोणाला वाटेल की हा तपस्वी आहे? लोकांनी दाद द्यावी म्हणून तोही त्या मुलीइतकाच आसुसलेला आहे. फरक एवढाच की तिने कबूल केलं.

न्यूजर्सी_नाकं_मुरडते

तुम्हाला लाज वाटली. मला वाटलं दिग्दर्शकाला त्याचा थोडा अभिमानच आहे. हे ठरवायचं कसं?

दादर_पूर्व

मधे बोलतो. वसंतराव देशपांडेंवरचा 'मी वसंतराव' कोणी घेतच नाहीये का? कारकुनी आहे, मिलिटरी अकाउंट्सची नोकरी आहे, घराणं नसलेल्या गवयाकडे बघायची लोकांची नजर आहे, चाळिशी उलटेपर्यंत वाट बघणं आहे. आणि गाणंही भरपूर, स्वतः नातू गातोय. दोन्ही पक्षांनी बघावा आणि गप्प बसावं.

खर्जातला_षड्ज

सुंदर सिनेमा. पण जवळपास तीन तास आपल्याला ठाऊक असतं की हा पुढे वसंतराव देशपांडे होणार आहे. नायकाला भीती, प्रेक्षक निर्धास्त. शरदचं काय होणार हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

मटार_सोलताना

आणि शेवटी तरी काय झालं? लोकलमध्ये बायको-मुलीबरोबर बसलाय. डब्यात एक जण गात येतो, शरद बघत राहतो, संपलं. मी रिमोट हलवून बघितला, वाटलं नेट गेलं.

तरी सांगते, तो शेवटचा प्रसंग मला आवडला. रोज साडेआठच्या गाडीत असा गाणारा येतो, आणि डब्यात एक तरी बाई अशी असते जी पैसे देत नाही, पण त्याचं गाणं मन लावून ऐकते. एवढ्यासाठी सव्वादोन तास कशाला, हा माझा प्रश्न मात्र उभाच आहे.

तबल्याची_गादी

त्या गाणाऱ्याला जे सहज येतंय ते आपल्याला का आलं नाही, हे शरदच्या चेहऱ्यावर दिसतं. त्या क्षणाला पोचायला सव्वादोन तास लागतात ताई. विलंबित आहे ते, संथ लयीतलं.

मटार_सोलताना

विलंबितानंतर द्रुत, म्हणजे जलद लय, असते म्हणतात. ती कुठे होती?

पडदा_आणि_घंटा

बाईंनी समेवर आणलं! आता याला कोणी उत्तर द्या.

खर्जातला_षड्ज

देतो. पण आधी तुम्ही हेडफोन लावून पहिली पंधरा मिनिटं बघा, सिंगल_स्क्रीन म्हणतात तशी. मटार फ्रीजमध्ये ठेवून.

मटार_सोलताना

रविवारी बघते. नाही पटलं तर इथेच येऊन लिहीन, आणि या खेपेला सासूबाईंचं मतही घेऊन येईन. त्यांच्याशी वाद घालून दाखवा.