मदत हवी आहे: रस्टचा पहिलाच प्रोजेक्ट, 'कार्गो रन' दिलं की लिंकर सापडत नाही म्हणतंय

नमस्कार मंडळी. आमचं दूध संकलन केंद्र आहे. दर दहा दिवसांनी बिलं काढायचं काम माझ्याकडे असतं. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) बघून दरपत्रकातून दर काढायचा, लिटरने गुणायचं, सगळं वहीत मांडायचं. हे करणारा छोटा प्रोग्रॅम मला स्वतः लिहायचाय. मावसभाऊ रस्टमध्ये काम करतो, म्हणून तीच भाषा धरली. सध्या त्याची परीक्षा चालू आहे, त्याला त्रास देववत नाही.

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. रस्टअप (रस्ट बसवून देणारा प्रोग्रॅम) बसवताना व्हिज्युअल सी++ हवं का असं विचारलं होतं. तीन पर्याय होते, मी 'नको' म्हणणारा तिसरा घेतला, कारण व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) आधीच होतं.

मग टर्मिनलमध्ये रस्टचे प्रोजेक्ट बनवणाऱ्या-चालवणाऱ्या कार्गोला 'कार्गो न्यू दूध हिशोब' दिलं (नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत). मधल्या मोकळ्या जागेमुळे ते घेतलं नाही. अंडरस्कोअर टाकल्यावर फोल्डर तयार झालं. आत 'कार्गो डॉट टॉमल' आणि 'एसआरसी'मध्ये 'मेन डॉट आरएस', त्यात 'हॅलो, वर्ल्ड' छापणारी ओळ आयती लिहिलेली. लगेच 'कार्गो रन' दिलं तर टॉमल फाइल सापडत नाही म्हणालं; 'सीडी' करून फोल्डरात शिरायचं राहिलं होतं.

आत गेल्यावर मात्र खरी अडचण आली: 'लिंकर लिंक डॉट ईएक्सई नॉट फाउंड'. त्याखालच्या सूचनेत व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स बसवा असं आहे, आणि व्हीएस कोड हे वेगळं प्रॉडक्ट आहे, ते पुरेसं नाही, हेही आहे. मला वाटत होतं दोन्ही एकच. पण बिल्ड टूल्सचं डाउनलोड काही जीबींचं दिसतंय आणि माझं नेट मोबाइलवरचं. एक ओळ छापायला एवढं का लागतं? दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद:
ताई, आधी 'कार्गो चेक' देऊन बघा. त्यात कोड फक्त तपासला जातो, चालणारी फाइल बनत नाही, त्यामुळे लिंकर लागत नाही. ते बिनतक्रार पार पडलं तर तुमचा कोड आणि रस्ट दोन्ही ठीक आहेत.

एका ओळीलाही लिंकर लागतोच. रस्टचा कंपायलर कोडचे तुकडे मशीनच्या भाषेत करून ठेवतो. ते तुकडे आणि विंडोजच्या लायब्ररी जोडून एक ईएक्सई करणारा तो लिंकर. विंडोजवर रस्ट सहसा एमएसव्हीसी प्रकारचं (मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++वर अवलंबून असलेलं) बसतं, आणि त्या प्रकाराला लिंकर बाहेरून लागतो.

डेटा वाचवायचा असेल तर रस्टचा दुसरा, जीएनयू प्रकार घ्या. 'रस्टअप टूलचेन इन्स्टॉल स्टेबल-जीएनयू', ते झालं की 'रस्टअप डीफॉल्ट स्टेबल-जीएनयू'. साध्या रस्ट कोडपुरता लिंकर त्याच्यासोबतच येतो. पुढे कधी सी भाषेतला कोड असलेली क्रेट (रस्टची तयार लायब्ररी) घेतलीत तर सी कंपायलर वेगळा बसवावा लागेल. बिलांच्या हिशोबाला तशी वेळ येऊ नये.

आणखी एक. पैसे दशांशात ठेवू नका, पैशांच्या पूर्णांकात ठेवा. ३८.४० रुपये म्हणजे ३८४०. एफ६४ या रस्टच्या दशांश संख्यांच्या प्रकारात ०.१ आणि ०.२ची बेरीज बरोबर ०.३ येत नाही. दहा दिवसांच्या बिलात पैशाचा फरक पडला तर उत्पादकाला काय सांगणार?

धागाकर्ती:
खूप खूप आभार! 'कार्गो चेक' लगेच पार पडलं, तेव्हाच जिवात जीव आला. जीएनयूचं डाउनलोड रात्री लावलं. सकाळी संकलन आटोपून 'कार्गो रन' दिलं आणि 'हॅलो, वर्ल्ड' आलं! आईला बोलावून दाखवलं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पूर्णांकच घेतले. १२.५ लिटरला १२५, दर ३८४०, गुणाकाराला १०ने भागलं: ४८००० पैसे, म्हणजे ४८० रुपये. वहीतही तेवढेच आहेत. आता दरपत्रक कोडमध्येच लिहू की वेगळ्या फाइलमधून वाचू? दर बदलत राहतात, म्हणून विचारते.