मदत हवी आहे: ट्रायकेनच्या भुलीमुळे झेब्राफिशच्या पिलांत न्यूट्रोफिल जखमेकडे जात नाहीत का?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला एमएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट झेब्राफिशवर आहे. अंडं फलित झाल्यापासून तीन दिवसांच्या पिलाच्या शेपटीच्या पराचा शेंडा कापायचा, आणि जखमेवर किती न्यूट्रोफिल (जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) जमतात ते सुदान ब्लॅक या काळ्या रंगाने रंगवून मोजायचं. या वयात लिम्फोसाइट (ठरावीक जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) अजून कामाला लागलेले नसतात, सगळी भिस्त मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि न्यूट्रोफिलवर.

पिलू हलू नये, त्याला दुखू नये म्हणून कापण्याआधी ट्रायकेन देते, लिटरला साधारण 160 मिलिग्रॅम. थोड्याच वेळात पिलू आडवं होतं. सुईने शेपटीला स्पर्श केला तरी हलत नाही, फक्त काचेसारख्या अंगातून हृदयाची धडधड दिसत राहते. कापलं की लगेच साध्या पाण्यात.

मागच्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. एका बॅचचं पाणी बदलायचं राहून गेलं आणि ती ट्रायकेनमध्येच राहिली. चार तासांनी दोन्ही बॅच सोबतच फिक्स करून (रसायनाने पेशी आहेत तशाच टिकवून) रंगवल्या. साध्या पाण्यातल्या पिलांच्या जखमेच्या कडेला काळे ठिपके मुंग्यांसारखे दाटले होते. औषधातल्या पिलांत ते जवळपास निम्मेच. उरलेले कुठे गेले म्हणून शोधलं, तर शेपटीत खालच्या बाजूला जिथे रक्तपेशी तयार होतात तिथेच बसून होते. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या, निघाल्याच नव्हत्या.

मॅडम म्हणाल्या, ती बॅच सोडून दे. पण मला ते पटत नाही. माझ्या कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी साध्या पाण्यात ठेवलेल्या पिलांनाही थोडा वेळ का होईना, ट्रायकेन मिळालंच आहे. मग मी आजवर मोजलेले आकडे माशाचे की औषधाचे?

ट्रायकेन सोडियम चॅनल (पेशीच्या आवरणातली सोडियम आत घेणारी दारं) बंद करतं. जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनचं कामही तसंच, आणि लिडोकेनने माणसाच्या न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. त्यामुळे औषधाचा थेट परिणाम शक्य वाटतो. पण भुलीत हृदयही मंदावतं, रक्त सावकाश फिरतं. शिवाय ट्रायकेन पाण्यात आम्लधर्मी होतं. स्टॉक (मूळ दाट द्रावण) मी ट्रिस हे आम्लता सावरणारं रसायन घालून pH 7 ला आणला होता, पण चार तासांनंतर डिशमधला pH बघितला नाही. आणि खरं सांगायचं तर ती डिश 28.5 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये नव्हतीच, टेबलावर होती. नागपूरचा एप्रिल, बाहेर 43 अंश, खोलीत कूलर. टेबलावर नेमकं किती तापमान होतं, देव जाणे.

आता ठरवलंय ते असं: सगळ्यांना सारखीच थोडी भूल देऊन कापायचं, धुवायचं, मग अर्धी पिलं परत ट्रायकेनमध्ये, अर्धी pH जुळवलेल्या साध्या पाण्यात. दोन्ही डिश इनक्युबेटरमध्येच, आणि दर तासाला हृदयाचे ठोके मोजायचे. भुलीशिवाय कापणार नाही, ते माझ्याने होणार नाही. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल वापरून तुलना करावी असंही मनात आलं, पण तेही सोडियम चॅनलवरच काम करतं आणि सूजही कमी करतं, मग त्यातून काय कळणार?

रक्त मंदावल्याचा परिणाम आणि पेशीवरचा थेट परिणाम वेगळा कसा काढायचा, इथेच मी अडकले आहे. आमच्याकडे चमकणाऱ्या न्यूट्रोफिलचे (जनुक बदललेले, जिवंतपणीच पेशी दिसतात असे) मासे नाहीत, साधेच आहेत. कुणी ट्रायकेन तासन्‌तास ठेवून असं मोजलं असेल तर कृपया सांगा: ठोके किती कमी झाले होते, आणि पिलं परत पाण्यात टाकल्यावर पेशी जखमेकडे निघाल्या का?