बिसोलातीला हाकललं आणि मुसोलिनीला डोक्यावर घेतलं

जुनापुराणा: १४ मार्च १९१२ ला रोममध्ये एका अराजकवाद्याने इटलीच्या राजावर गोळ्या झाडल्या. राजा बचावला. बिसोलाती, बोनोमी आणि काब्रिनी हे समाजवादी पक्षाचे खासदार त्याचं अभिनंदन करायला राजवाड्यावर गेले. झालं! जुलैत रेज्जो एमिलियाच्या अधिवेशनात त्यांची पक्षातून हकालपट्टी. ठराव मांडणारा होता २८ वर्षांचा मुसोलिनी. बिसोलाती कोण, तर 'अवांती' या पक्षाच्या मुखपत्राचा १८९६ मधला पहिला संपादक. वर्ष संपायच्या आत तीच खुर्ची मुसोलिनीला मिळाली. पक्षाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

लालबावटा: मुजऱ्याचं सोडा हो, ते निमित्त. खरं भांडण लिबियाचं. १९११ मध्ये सरकारने तिथे युद्ध पुकारलं, पक्षाचा विरोध होता आणि ही मंडळी सरकारला सांभाळून घेत होती. मग ठेवायचं कशाला? बाहेर पडून त्यांनी सुधारणावादी, म्हणजे क्रांतीऐवजी हळूहळू सुधारणा मागणारा, समाजवादी पक्ष काढला. १९१३ ला जवळपास सगळ्या पुरुषांना मत मिळालं, तेव्हा यांच्या १९ जागा आणि मूळ पक्षाच्या ५२. कौल पुरेसा स्पष्ट नाही का?

जुनापुराणा: वर्षभराच्या पक्षाला १९ म्हणजे काही वाईट नाही. आणि १९११ मध्ये पंतप्रधान जोलित्ती मंत्रिपद देत होते, ते बिसोलातीने नाकारलं होतं. खुर्चीसाठी गेलेला माणूस असं करत नाही.

लालबावटा: १९१६ ला पंतप्रधान बोसेल्लीच्या मंत्रिमंडळात मात्र गेले! आणि बोनोमी? १९२१ मध्ये हे पंतप्रधान, आणि मुसोलिनीचे फॅसिस्ट काळे डगलेवाले गावोगाव कामगारांची कार्यालयं जाळतायत. यांनी काय केलं?

मावळतीकर: बोनोमीची बाजू मीही घेणार नाही. पण बिसोलातीला त्याच्या पंक्तीला बसवू नका. पहिल्या महायुद्धात उतरायला हवं म्हणाला, तर पन्नाशी उलटून गेलेली असताना आल्पिनी या डोंगरी पलटणीत सार्जंट म्हणून स्वतः आघाडीवर गेला आणि जखमी झाला. युद्ध जिंकल्यावर समुद्रापलीकडचा दाल्मेशिया आणि जर्मन भाषकांचा दक्षिण टिरोल इटलीसाठी मागू नका म्हणत डिसेंबर १९१८ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढच्याच महिन्यात मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात हेच सांगायला उभा राहिला, तर शिट्ट्या मारून भाषण बंद पाडलं. दंगा करणाऱ्यांत मुसोलिनी होताच, तोवर तोही युद्धाच्या पायीच पक्षाबाहेर गेलेला. दीड वर्षात बिसोलाती वारला.

लालबावटा: माणूस सरळ होता, मान्य. पण युद्धाला पाठिंबा द्यायचा आणि वाटणीच्या वेळी सोवळं नेसायचं, हे राजकारण नव्हे.

जुनापुराणा: आणि माणसं हाकलत सुटायचं, ते राजकारण? ऑक्टोबर १९२२ मध्ये तुराती आणि मात्तेओत्ती या सुधारणावादी नेत्यांनाही काढलंत. त्याच महिन्याअखेर मुसोलिनी पंतप्रधान व्हायला निघाला.

लालबावटा: ती हकालपट्टी चूकच. फक्त एक लक्षात घ्या. तुराती स्वतः सुधारणावादी, बिसोलातीचा जुना सोबती. तरी १९१२ ला तो त्याच्यामागे गेला नाही, पक्षातच थांबला.