बेघर कुटुंबांचा निवारा मनपाच्या पैशातून का? (चर्चा)

गोदाकाठ
डिसेंबरातली गोष्ट. रात्री साडेअकराला नाशिकच्या द्वारका चौकातून येत होतो. उड्डाणपुलाखाली तीन विटांची चूल, तव्यावर नागलीची भाकरी, आणि शेजारी घमेल्यात झोपवलेलं तान्हं पोर. घमेल्यात खाली गोधडीचा तुकडा अंथरलेला. जोडपं पेठ तालुक्यातलं. भात झोडून झाला की दिवाळीनंतर इकडे उतरायचं, बांधकामावर जायचं, होळीला परत. अंगात स्वेटर असून मला हुडहुडी भरली होती. विचारलं, निवाऱ्यात का नाही जात? बाई म्हणाली, "गेलतो एकदा. यांना एकीकडं झोपा म्हणले, मला पोरं घेऊन दुसरीकडं. भांडी कुठं ठेवू? आन चूल पेटवू देत नाय."

आपल्याकडे निवारा म्हणजे एकट्या पुरुषाची खाट, हे डोक्यात घट्ट बसलंय. माझं म्हणणं, कुटुंबाला वेगळी खोली मिळेल असे निवारे मनपानं बांधावेत आणि करातून चालवावेत. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख लोकसंख्येमागे 100 जणांच्या निवाऱ्याचा होता, माणशी 50 चौरस फूट. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहर 14.86 लाख होतं, म्हणजे जवळपास 1500 जणांची सोय हवी. तीही जुन्या आकड्यावर. चौघांच्या घरट्याला 200 चौरस फूट, दहा बाय वीसची खोली. कुटुंबांसाठी वेगळा निवारा आणि स्वयंपाकाची जागा, दोन्ही गोष्टी त्याच मार्गदर्शक सूचनांत आहेत. मी काही चंद्र मागत नाही.

हिशेबी_माणूस
पहिली शंका. ज्याला होळीला जायला घर आहे तो बेघर कसा? तो स्थलांतरित मजूर. त्याची सोय ठेकेदारानं करायची; साइटवर पत्र्याच्या खोल्या त्यासाठीच असतात. बिल्डरची जबाबदारी माझ्या घरपट्टीवर का?

दुसरं, तुमच्या त्याच सूचनांत चालवायच्या खर्चाला मदत पाच वर्षांपुरती होती. पुढे? वॉचमन, सफाई, वीज, पाणी सगळं मनपाच्या गळ्यात. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये शहरी बेघरांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानं फुकट वाटपामुळे लोक कामाला तयार होत नाहीत अशी टिप्पणी केली होती, तीही वाचा.

सिडकोची_ताई
हिशेबी साहेब, ती टिप्पणी या बाईला कशी लावता? ती दिवसभर घमेली उचलते आणि रात्री त्याच घमेल्यात पोर निजवते. फुकट काय घेतलं तिनं? ठेकेदाराचं म्हणाल तर नाक्यावरच्या मजुराला ठेकेदार एका दिवसाचा. आज गंगापूर रोड, उद्या अंबड, परवा कुणीच नाही. पत्र्याची खोली मोठ्या साइटवरच्या टोळीला मिळते, नाक्यावरच्याला नाही.

आणि घराचं म्हणाल, तर तुमचा मुलगा पुण्यात पीजीत राहतो ना? त्यालाही दिवाळीला यायला घर आहे.

हिशेबी_माणूस
राहतो. पण भाडं भरतो, ताई.

सिडकोची_ताई
मग यांच्याकडूनही घ्या की! रोजचे वीस रुपये घ्या. देतील.

गोदाकाठ
ताई, मुद्दा पटतो, तरी एक अडचण आहे. सकाळी नाक्यावर उभं राहून दुपारी रिकामं परतावं लागतं, त्या दिवशी वीस रुपये कुठून? नेमकी त्याच रात्री छपराची गरज जास्त असते.

सुरगाण्याचा_मास्तर
मी दोघांच्याही विरोधात. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी असतात. हजेरीपटावर नावं, पोरं नाशकात विटांच्या ढिगावर. शहरात झोपायची सोय केली की स्थलांतर आणखी सोपं होईल. तोच पैसा इथे लावा. रोजगार हमी योजना महाराष्ट्रानंच देशाला दिली, 1972 च्या दुष्काळातून ती उभी राहिली. भात निघाल्यावर लगेच कामं काढा, मजुरी वेळेवर द्या आणि पोरांसाठी हंगामी वसतिगृह चालवा. मग कोण हौसेनं पुलाखाली झोपायला येईल?

गोदाकाठ
गुरुजी, शंभर टक्के मान्य. पण घमेल्यातलं पोर सहा महिन्यांचं होतं. ते वसतिगृहात कसं ठेवणार? तुमची कामं निघेपर्यंतच्या थंडीचं बोलतोय मी.

पंचवटीकर
सरकार कशाला? गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून नाशकात धर्मशाळा उभी केली. या शहरात दानशूर कमी नाहीत. मनपाच्या हाती गेलं की टेंडर, आणि टेंडरचं पुढे काय होतं ते सर्वांना ठाऊक.

सिडकोची_ताई
दान सणासुदीला येतं, पंचवटीकर. थंडीत ब्लँकेट वाटताना फोटो निघतात. जुलैतल्या पावसात कोण फिरकतं? आणि सिंहस्थाला तपोवनात शेड, नळ, संडास उभे राहतात ते वर्गणीतून नाही. 2015 ला झाले, 2027 ला परत होतील. तेव्हा जागाही सापडते.

पंचवटीकर
कुंभाला यात ओढू नका. तो बारा वर्षांतून येतो, श्रद्धेचा विषय आहे.

गोदाकाठ
बरं, कुंभ सोडा. 2019 च्या ऑगस्टातला गोदेचा पूर आठवा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी चढलं की काठावरच्या कुटुंबांना हलवावंच लागतं, तेव्हा आई इकडे न् बाप तिकडे असं कुणी करत नाही. भांडीकुंडी, शेळीसकट अख्खं घर एकत्र जातं. नवरा-बायको एका छपराखाली झोपले तर आभाळ कोसळत नाही. पुरात जमतं ते थंडीत का जमू नये?

हिशेबी_माणूस
पुराच्या दोन रात्री आणि चार महिने यात फरक आहे, भो. तरी चला, मी अर्धं पाऊल पुढे येतो. नवीन इमारतीला माझा विरोध कायम. आहे त्याच एखाद्या निवाऱ्यात प्लायवूडची पार्टिशनं टाका, सहा कुटुंबं ठेवा, भांड्यांना कुलुपाची पेटी द्या. एक हंगाम चालवा आणि खर्चाचा कागद बाहेर फलकावर लावा. तो बघून पुढचं बोलू.

गोदाकाठ
पार्टिशन चालेल. चुलीचं काय?

हिशेबी_माणूस
लाकडाची चूल आत नको, धूर कोंडेल. गॅसची शेगडी ठेवा, पाळीपाळीनं वापरतील. फक्त सिलिंडर संपल्यावर कोण भरणार, तेवढं आधी ठरवा.