मदत हवी आहे: आजीच्या पाटल्या समोर आटवून त्याच सोन्याची ठुशी करून देणारं सोलापुरात कुणी आहे का?

गड्डा यात्रा आटोपली की फेब्रुवारीत माझं लग्न. सोन्याची खरेदी माझ्यामुळे अडलीय. मला खाणीतून नव्याने काढलेलं सोनं शक्यतो नकोय. आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत छोट्या खाणींवर माणसं सोन्याची माती पाऱ्यात कालवतात आणि तो गोळा तापवून पारा उडवतात. ती वाफ त्यांच्याच नाकातोंडात जाते. हे वाचल्यापासून दुकानाच्या गादीवर बसवत नाही.

मधल्या मारुतीजवळच्या एका सराफांना विचारलं, "काका, हे सोनं येतं कुठून?"
"मुंबईहून."
"त्याआधी?"
त्यांनी भिंगच हातात दिलं. अंगठीच्या आत बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, 916 म्हणजे 22 कॅरट, आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक. "सरकारी शिक्काय बाई, अजून काय पाहिजे?"

शिक्का खरा, पण तो शुद्धतेचा. बीआयएस केअर ॲपवर एचयूआयडी टाकला तरी खाण काही कळत नाही. हिऱ्यांचं किंबर्ले प्रमाणपत्र (2003 पासूनचं) बंडखोरांच्या लढाईला पैसा पुरवणारे कच्चे हिरे अडवण्यापुरतं. खाणीतल्या मजुरीचं त्यात काही नाही. म्हणून हिरा रद्द. होणारा नवरा खूश! मंगळसूत्र सासरचे घालणार, तिथे माझं चालत नाही.

उरल्या आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या. आतून झिजलेल्या, एकीला जोड दिलेला. आई म्हणते जुनं मोडू नये, आजी म्हणते मोड, कपाटात काय अंडी घालतायत? पण दोन दुकानांत एकच उत्तर मिळालं: घट (वजनातली तूट) धरून पाटल्या ठेवा, तेवढ्या वजनाची तयार ठुशी घेऊन जा. मग उपयोग काय?

घट किती धरतात? नंतर हॉलमार्क होतो का? आणि रायचूरकडे हट्टीची खाण आहे ना, तिथलंच म्हणून सोनं कुठे मिळतं का?

प्रतिसाद:
ताई, हट्टीचं माहीत नाही. हॉलमार्क होतो, फक्त नोंदणी असलेल्या सराफामार्फत पाठवावं लागतं. आटवायच्या आधी पाटल्या हॉलमार्क केंद्रात तपासून घ्या, ग्राहकालाही ते करता येतं. जुनं म्हणजे 22 कॅरट असं धरू नका, जोडामुळे टंच (शुद्धता) उतरतो. घटीचा आकडा कुणी तोंडी सांगितला तर ऐकू नका. आटवल्यावर लगडीचं वजन आणि टंच कागदावर घ्या. टंच कमी भरला तर 916 साठी सराफ बाहेरचं शुद्ध सोनं घालेल, म्हणजे तुम्हाला नको तेच. त्यापेक्षा 20 कॅरटचा (833) हॉलमार्क मागा, तीही श्रेणी आहे.

धागाकर्ती:
833 चं माहीतच नव्हतं! शनिवारी पाटल्या तपासायला नेतेय. आईला वाटलं होतं 916 नाही म्हणून नावं ठेवतील. आता तीच म्हणते, सासरी भिंग घेऊन कोण बसलंय.