सांधे धरलेली म्हातारी घोडी आणि हा ओला हिवाळा, कसं निभवायचं?

टापटाप:
माझी घोडी २१ वर्षांची आहे, मागच्या दोन्ही हॉकमध्ये (मागच्या पायाच्या मधल्या सांध्यात) आर्थ्रायटिस, एक्स-रे काढून व्हेटनी सांगितलंय. एरवी बरी असते पण आता थंडी आणि वर सतत पाऊस. सकाळी ठाणावरून बाहेर काढली की पहिली काही पावलं अगदी आखडून टाकते, मागचे खूर जमिनीला घासत, मग हळूहळू मोकळी होते. बाहेर नुसता चिखल, फाटकापाशी तर तिचे घोटे बुडतात. घरचे म्हणतायत हिवाळाभर आतच बांध. ब्यूट (घोड्यांचं पेनकिलर) आहे घरात, रोज देऊ का? बघवत नाही हो तिच्याकडे.

जुना_मोतद्दार:
ताई, बांधून मात्र ठेवू नका. चालल्यावर मोकळी होते हे तुम्हीच लिहिलंय ना, तिला चालणंच हवंय, उभं राहून सांधे अजून आखडतात. खरा प्रॉब्लेम चिखलाचा आहे, खोल चिखलातून प्रत्येक पाय उपसताना सांध्याला पीळ बसतो आणि घसरायची भीती वेगळी. सगळं मैदान नाही करता येत, पण फाटक आणि पाण्याची टाकी एवढं तरी करा, वरचा चिखल खरवडून काढायचा, खाली जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं मजबूत) कापड, वर खडी आणि सगळ्यात वर बारीक कच. कापड न घालता खडी ओतली तर ती चिखलातच जिरते. गवत एका टोकाला ठेवा, पाणी दुसऱ्या, म्हणजे आपोआप चालणं होतं. फारच पाऊस असेल त्या दिवशी हाताने धरून १५-२० मिनिटं सपाट, सरळ चालवा, दोरीवर छोटे गोल फिरवणं नको, हॉकवर त्याचाच ताण जास्त. आणि झूल रोज काढून अंगावरून हात फिरवा, आतून भिजलेल्या झुलीपेक्षा झूल नसलेली परवडली. बरगड्या हाताला लागतायत का तेही तेव्हाच कळतं, वजन वाढलं की सगळा भार त्याच सांध्यांवर.

रानवारा:
ब्यूट स्वतःच्या मनाने रोज नको, प्लीज. पोटात अल्सर होतात, मोठ्या आतड्याला सूज येते, किडनीवर ताण येतो, आणि घोडा पाणी कमी पीत असेल तर धोका अजून वाढतो, थंडीत ते हमखास कमी पितात. ५०० किलोच्या घोड्याला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं, कोमट करून ठेवा, नाहीतर वाळलं गवत आत अडकून पोटशूळ ठरलेला. व्हेटना फिरोकॉक्सिब या दुसऱ्या पेनकिलरबद्दल विचारा, लांब पल्ल्याला बरेचदा तेच देतात, फक्त दोन पेनकिलर एकत्र कधीच नाही. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं म्हणाले तर या वयात आधी कुशिंगची (म्हाताऱ्या घोड्यांना होणारा हार्मोनचा आजार) ब्लड टेस्ट करून घ्या, ते असेल तर लॅमिनायटिसची (खुराच्या आत येणारी दुखरी सूज) भीती असते. आणि एकच पाय अचानक टेकवेनाशी झाली किंवा सांधा गरम होऊन सुजला तर तो थंडीचा त्रास समजू नका, खुरात पू किंवा सांध्यात इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी व्हेट.

चंदीवाली:
एक विचारू, ती आडवी होते का? घोडा उभ्याने डुलकी काढतो पण गाढ झोपेला त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि सांधे दुखत असले की उठता येणार नाही या भीतीने तो बसतच नाही. मग उभ्या उभ्या झोप लागते आणि पुढचे पाय दुमडून खाली जातो. पुढच्या घोट्यांची समोरची बाजू बघा, केस गेलेत का, खरचटलंय का. सकाळी अंगाला नि शेपटीला भुसा चिकटलेला असतो का? नसेल तर बेडिंग खूप जाड करा, कडेपर्यंत, आणि उठताना पाय पसरायला जागा ठेवा.

टापटाप:
आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. दोन्ही पुढच्या घोट्यांवर केस गेलेत, एकावर खपली आहे, मला वाटलं होतं चिखलाने झालंय. शेपटी स्वच्छ. आज रात्रीच भुसा दुप्पट टाकते, उद्या सकाळी व्हेटना फोन. नालबंदही येणारे, तिला मागचा पाय वर धरवत नाही, पुढे ढकलावं का?

जुना_मोतद्दार:
ढकलू नका, ६ ते ८ आठवड्यांनी खूर व्हायलाच हवेत, पुढचं टोक वाढलं की पाऊल उचलायला जास्त जोर लागतो. आधी थोडं चालवून आणा, आणि त्याला सांगा पाय खालीच धर, बाहेर ओढू नको, मध्येमध्ये टेकवू दे. वेळ लागला तरी चालेल.