थायोनिलचा ड्रम गळला तर पाणी मारायचं की नाही? आणि पावसाळ्यात काय करता?

शिफ्ट_बी

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका एमआयडीसीत इंटरमीडिएट बनवणाऱ्या युनिटला शिफ्ट इनचार्ज आहे, कंपनीचं नाव विचारू नका. आमच्याकडे थायोनिल क्लोराईड (पाणी लागलं की विषारी गॅस सोडणारं द्रव) ड्रममध्ये येतं, शेडमध्ये एका वेळी वीस-पंचवीस ड्रम तरी असतातच. मागच्या आठवड्यात गाडी खाली करताना एका ड्रमच्या बंगमधून (तोंडाच्या बुचातून) पाझरलं, फार नाही, तांब्याभर असेल, पण पांढरा धूर एवढा की शेडची पलीकडची भिंत दिसेना आणि एक हेल्पर सरळ हायड्रंटचा होज घेऊन धावला. फिटरने त्याला धरून मागे ओढलं. मग फायर बादलीतली रेती टाकली तर तीसुद्धा फसफसली आणि धूर उलट वाढला, हे काय ते कळलं नाही. आता पुढच्या महिन्यात मॉक ड्रिल आहे, मला प्रोसिजर मराठीत लिहून शेडला लावायचीय. एसडीएस (सप्लायरनं दिलेलं सेफ्टी डेटा शीट) उघडली तर एका ठिकाणी पाणी वापरू नका, खाली वॉटर स्प्रेने वाफा दाबा, आणि फर्स्ट एडमध्ये भरपूर पाण्याने धुवा. हेल्परला यातलं नेमकं काय सांगू? शिवाय सोडा ॲश (धुण्याचा सोडा) टाकायचा की चुना यावर आमच्याकडे दोन पार्ट्या आहेत.

जुना_प्लांटवाला

रेतीचं आधी सांगतो कारण खरी गोम तिथंच आहे. लाल बादल्या कुठं टांगल्यात तुमच्या, शेडच्या बाहेर ना? जून ते सप्टेंबर कोकणात बाहेर टांगलेली रेती म्हणजे ओली रेती. ओली रेती टाकणं म्हणजे थायोनिलला पाणीच पाजणं. रेती सुकवून, चाळून, जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत दहा-दहा किलो भरून तोंड बांधून झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, शेडच्या आत आणि एक ड्रम दाराजवळ, म्हणजे धुरात शिरून रेती आणायला लागणार नाही. लाल बादल्या राहू देत, ऑडिटवाल्याला त्या दिसायला लागतात.

आता हिशोब. एक किलो थायोनिलचं पूर्ण विघटन व्हायला जेमतेम दीडशे ग्रॅम पाणी पुरतं. त्यातून साधारण ५४० ग्रॅम सल्फर डायॉक्साइड आणि ६१० ग्रॅम हायड्रोजन क्लोराईड (एचसीएल) निघतं, म्हणजे सहाशे लिटरच्या आसपास गॅस. २०० लिटरचा ड्रम म्हणजे ३०० किलो माल धरा, त्याला ४५ लिटर पाणी बास झालं. हायड्रंटचा होज तेवढं काही सेकंदांत देतो. ते दीडशे किलोच्या वर सल्फर डायॉक्साइड आणि जवळजवळ १८५ किलो एचसीएल कुठं जाणार? दोन्ही हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतात, खड्ड्यात, सम्पमध्ये, तळघरात जाऊन बसतात. कामगाराला हा आकडा सांगा, नुसतं पाणी मारू नका म्हटलं की घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात ते राहत नाही.

आणि हे पाण्यापेक्षा दीडपटीहून जड असतं, घनता १.६ च्या वर. पावसाळी गटारात गेलं तर पाण्यावर तरंगणार नाही, खाली जाऊन बसेल आणि तिथून उसळ्या मारत राहील. म्हणून रेतीची पहिली पिशवी गटाराच्या तोंडाला, दुसरी डबक्याच्या कडेनं बांध म्हणून, मग मधे. बरेच जण थेट मधे ओततात, मग कडेनं वाहतं ते गटारातच.

बंगमधून पाझरत असेल आणि बीए सेट (पाठीवर हवेची टाकी असलेला श्वसन संच) घातलेले दोघं असतील तर ड्रम असा फिरवा की गळती वरच्या बाजूला येईल, निम्मं काम तिथंच होतं. ड्रम फुगलेला दिसला तर मात्र हात लावू नका, आत पाणी गेलेलं असू शकतं.

चुना_पार्टी

आमच्याकडे वर्षानुवर्षं चुनाच टाकतात, काही होत नाही. ॲसिड आहे, चुना अल्कली, विषय संपला. उगाच रेतीचा बाऊ.

जुना_प्लांटवाला

भाऊ, कुठला चुना ते सांगा. विरलेला चुना ॲसिडशी भिडला की त्यातून पाणीच तयार होतं, कळीचा चुना त्या पाण्याला भिडला की तापतो. सोडा ॲशचंही तसंच, कार्बन डायॉक्साइड आणि पाणी सुटतं, फेस येऊन सगळं वर उचलतं. एसडीएसमध्ये कोरडा चुना किंवा कोरडा सोडा ॲश लिहिलेला असतो हे खरं, आणि तांब्याभर सांडलं असेल तर चालूनही जातं, पण मोठ्या डबक्यावर आधी कोरडी रेती नाहीतर व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं खनिज) टाकून सगळं जिरवायचं, मग कडेकडेनं थोडा थोडा सोडा ॲश. भुसा आणि चिंध्या तर अजिबात नको, त्यात ओलावा असतो आणि लाकडाशीसुद्धा हे रिॲक्ट होतं. मी सोडा ॲशच्या पार्टीत, पण दुसऱ्या नंबरला.

लाल_गाडी

मी फायर सर्व्हिसमध्ये आहे (कुठं ते जाऊ द्या), तो वॉटर स्प्रेचा गोंधळ सोडवतो. पाणी डबक्यावर नाही, ड्रमवर नाही, धुरावर. आणि तेही जेट नाही, बारीक फॉग, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बऱ्याच अंतरावर पडदा धरायचा, की धूर त्यातून जाताना एचसीएल पाण्यात विरघळून खाली येईल, सल्फर डायॉक्साइड त्या मानानं कमी पकडला जातो पण पकडला जातो. एक थेंबही मागे डबक्याकडे वाहत येता कामा नये, जमिनीचा उतार आधी बघायचा. पडद्याचं खाली पडलेलं पाणी म्हणजे ॲसिडच, ते बांध घालून ईटीपीकडे (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटकडे) न्यायचं, नाल्यात सोडलं तर खाडीपर्यंत जातं आणि मग मासेमारीवाले तुमच्या गेटवर. हे काम ट्रेनिंग घेतलेल्या क्रूचं आहे. तुमच्या हेल्परसाठी नियम एकच ठेवा, होजला हात लावायचा नाही.

तुमच्या लोकांनी पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय करायचं? विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा, वाऱ्याला आडवं निघायचं, मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जमायचं. असेंब्ली पॉइंट एकच असेल तर दुसरा काढा, वारा तुमचा नकाशा बघून वाहत नाही. चारी बाजूंनी किमान ५० मीटर मोकळं करा, हा सुरुवातीचा आकडा आहे, ड्रम फुटला किंवा पाण्यात गेलं तर वाऱ्याच्या दिशेनं बरंच लांबपर्यंत. मग फोन, १०१ किंवा ११२, आणि फोनवर गॅस लिकेज झालंय एवढंच सांगू नका. थायोनिल क्लोराईड, यूएन नंबर (रसायनाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) १८३६, किती ड्रम, पाणी लागलंय का, कोणी आत आहे का. नुसतं गॅस लिकेज ऐकलं की आम्ही भलतीच तयारी करून येतो. नंबर शेडच्या दारावर मोठ्या अक्षरात रंगवा.

आत जायचं तर बीए सेट आणि गॅसटाइट सूट, दोघं आत, दोघं तसेच तयार होऊन बाहेर. कॅनिस्टर (गाळणीचा) मास्क फक्त पळून बाहेर यायला. कापडी मास्कबद्दल बोलायलाच नको. पातळ नायट्राइल हातमोज्यांवरही विसंबू नका, थायोनिल त्यातून आत येतं, हातमोजा कुठला घ्यायचा ते सप्लायरकडून लेखी मागा.

शिफ्ट_बी

फारच उपयोगी, धन्यवाद दोघांना. रेतीचं आज जाऊन बघितलं, मूठ आवळली तर लाडू वळला जातोय. अजून एक, अंगावर उडालं तर? आमच्यातले जुने ऑपरेटर म्हणतात पाणी लावू नको, आणखी भाजेल, आधी सोड्याचं पाणी लाव. आणि गॅस लागलेल्याला गूळ देतात.

ओएचसी_डॉक्टर

गूळ चहात घाला, गॅसवर त्याचा काडीचा उपयोग नाही. दूधही नाही, आणि उलटी तर मुळीच करवू नका.

अंगावर उडालं तर पाणीच, आणि लगेच. वाटीभर पाणी लावलंत तर जुने लोक म्हणतात ते खरं होईल, तिथल्या तिथं ॲसिड तयार होऊन भाजेल. म्हणून सेफ्टी शॉवरखाली उभं करायचं, पूर्ण धार, किमान २० मिनिटं घड्याळ लावून. अंगावर थेंब दिसत असतील तर कोरड्या कपड्यानं टिपून घ्या (चोळून नाही), पण कपडा शोधण्यात वेळ घालवू नका. कपडे, पट्टा, घड्याळ, बूट, मोजे सगळं शॉवरखाली असतानाच काढायचं, बुटात शिरलेलं कोणाला आठवत नाही आणि पाय सोलून निघतात. लाजेपोटी पँट न काढणारे खूप, तिथं एक चादर किंवा पडदा टांगून ठेवा, प्रश्न सुटतो. सोड्याचं पाणी त्वचेवर नको आणि डोळ्यात तर कधीच नको. डोळ्यांना पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ साधं पाणी, कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढायची.

धूर छातीत गेलाय त्याच्याबाबतीत मला जास्त काळजी वाटते. खोकला येतो, डोळे चुरचुरतात, अर्ध्या तासात माणूस म्हणतो साहेब बरं वाटतंय, घरी जाऊ? आणि शिफ्ट संपली म्हणून आपण सोडतो. फुप्फुसात पाणी भरणं काही तासांनी सुरू होऊ शकतं, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा. तोवर तो घरी झोपलेला असतो. ज्यानं धूर चांगलाच ओढलाय त्याला बसवून ठेवा, चालवू नका, ऑक्सिजन द्या, १०८ बोलवा आणि हॉस्पिटलमध्ये २४ ते ४८ तास लक्ष ठेवायला सांगा. सोबत एसडीएसची प्रिंट पाठवा, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला थायोनिल हा शब्द नवीन असू शकतो. त्या दिवशी धूर लागलेल्यांपैकी कोणाला अजून खोकला, दम असेल तर आधी त्याला तपासून घ्या, ड्रिल नंतर.

वाचनमात्र

पावसाचं विचारलंत म्हणून. १९७४ साली शिकागोत सिलिकॉन टेट्राक्लोराईडची मोठी टाकी गळली होती, तेही याच जातीचं, ओलावा लागला की एचसीएल. गळती बरेच दिवस पुरती आवरता आली नाही, मध्येच पाऊस आला आणि धूर आणखी वाढला, हजारो लोकांना घरं सोडून जावं लागलं. आपल्याकडे १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत ओलियम (अतितीव्र सल्फ्युरिक ॲसिड) गळलं, त्यावरून सुप्रीम कोर्टानं ॲब्सोल्यूट लायबिलिटी आणली, म्हणजे धोकादायक धंदा करणाऱ्याला काळजी घेतली होती म्हणून सुटता येत नाही. मग १९८७ ला फॅक्टरी ॲक्टमध्ये धोकादायक कारखान्यांचं अख्खं प्रकरण घातलं, त्यात कामगाराला धोक्याची माहिती देणं मालकावर बंधनकारक केलं. तेव्हा मराठी बोर्ड लावताय ते उपकार नाहीत, मॅनेजमेंटनं खर्चाला नाही म्हटलं तर हे दाखवा.

शिफ्ट_बी

हे बरं झालं, कोरड्या रेतीच्या ड्रमसाठी इंडेंट टाकलं तर परचेसवाला हसला होता. शेवटचं, जिरवलेली रेती कुठं टाकायची? आणि रिकामे ड्रम?

जुना_प्लांटवाला

रेती प्लास्टिकच्या फावड्यानं कोरड्या एचडीपीई ड्रममध्ये, झाकण नुसतं ठेवायचं, आवळायचं नाही, नाहीतर आत गॅस धरून ड्रम उडेल. मग स्क्रबर (गॅस धुऊन घेणारं यंत्र) चालू ठेवून, हुडखाली, भरपूर थंड पातळ कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात) ती रेती थोडी थोडी सोडायची. रेतीवर पाणी ओतायचं नाही, रेती पाण्यात जाते, हा क्रम बोर्डावर लिहा. उरलेलं हॅझार्डस वेस्ट म्हणून मॅनिफेस्ट (पाठवणीचे कागद) करून तळोजा किंवा रांजणगावच्या धोकादायक कचरा केंद्राला, तुमचं मेंबरशिप जिथं असेल तिथं.

रिकामे ड्रम विचारलेत ते फार चांगलं, कारण माझ्या बघण्यात भरलेल्या ड्रमपेक्षा रिकाम्यानं जास्त घोळ घातलेत. तळाशी लिटर-दोन लिटर राहतं, भंगारवाल्याला द्यायच्या आधी कोणीतरी नळी आत घालून धुवायला जातो आणि बंगमधून कारंजं थेट तोंडावर. रिकामा ड्रम झाकण लावून भरलेल्यांच्याच शेडमध्ये, उलटा नाही, उघड्यावर नाही, आणि धुवायचा फक्त स्क्रबरला जोडलेल्या जागी. तुमच्याकडे ती जागा नसेल तर सप्लायरशी ड्रम परत घ्यायचं बोला, बरेच जण घेतात.

लाल_गाडी

ड्रिलला दोन्ही शिफ्टचे कॉन्ट्रॅक्टवाले हेल्परही घ्या, गाडी खाली तेच करतात. आणि आधी स्टेशनला कळवा, नाहीतर कोणीतरी खरा फोन लावतं.